रीफ टँकमध्ये खेकडा सोडताय? आधी त्याच्या नांग्या बघा

नमस्कार मंडळी! नाशिकमध्ये आता घरोघरी रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसायला लागलेत, आणि त्याबरोबर मला एक प्रश्न सतत येतोय. "ताई, दुकानदार म्हणतो हा खेकडा रीफ-सेफ आहे, म्हणजे कोरलला त्रास देत नाही. सोडू का?"

दुकानदार खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. खेकडा समोर येईल ते खातो. शेवाळ आहे तोवर शेवाळ, माशांचं उरलेलं खाणं आहे तोवर ते. दोन्ही संपलं की शेजारचं कोरल आहेच. त्यामुळे खेकडा भुकेला राहिला, तर त्याच्या 'सेफ' असण्याला काही अर्थ उरत नाही.

विकत घेताना रंगावर भुलू नका, नांग्या बघा.

(क्लोज-अप: हिरव्या एमराल्ड खेकड्याची नांगी)

हे टोक दिसतंय? चमच्यासारखं खोलगट आहे. दगडावरचं शेवाळ खरवडायला असं टोक लागतं. हा एमराल्ड, मूळचा कॅरिबियन समुद्रातला. टँकमध्ये हिरव्या काचेच्या गोट्यांसारखं बबल अल्गी वाढलं असेल, तर ते खाणाऱ्या मोजक्या प्राण्यांपैकी हा एक. पण छोट्या टँकमध्ये एकच ठेवा, आणि अल्गी संपलं की नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा द्यायला विसरू नका. मोठा झालेला उपाशी एमराल्ड कोरलचे पॉलिप (कोरल ज्यांनी बनतं ते छोटे जीव) कुरतडतो, झोपलेला छोटा मासाही धरतो.

हर्मिट म्हणजे शंखातला खेकडा. निळ्या पायांचा किंवा लाल स्कार्लेट, दोन्ही चालतील. स्कार्लेट जरा शांत असतो. हर्मिटला अंग वाढलं की मोठा शंख लागतो. रिकामा मिळाला नाही तर तो जिवंत गोगलगाय मारून तिचा शंख घेतो. म्हणून थोड्या मोठ्या मापाचे रिकामे शंख आधीच वाळूवर टाकून ठेवा. रंगवलेले नकोत.

पोर्सेलिन खेकडा मला फार आवडतो. तोंडाजवळचे पंख्यासारखे केस पाण्यात फिरवून तो बारीक अन्नकण गाळून खातो. कोरलला त्याचा काहीच त्रास नाही. याउलट ॲरो क्रॅब आणि सॅली लाइटफूट लहानपणी गोंडस दिसतात, पण मोठे झाल्यावर लहान मासे आणि कोळंबी सोडत नाहीत. माझ्या मते घरच्या टँकमध्ये दोन्ही नकोत.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला ते सांगते. नाशिकरोडच्या एका काकांनी फोटो पाठवला. नव्या पॉसिलोपोरा कोरलच्या फांद्यांमध्ये नखाएवढा, पांढरट-गुलाबी खेकडा होता. खाली लिहिलं होतं, "चिमट्याने काढून मारू का?" काका, अजिबात नको! हा ट्रपेझिया आहे, त्या कोरलचा राखणदार. कोरलचा चिकट स्राव हे याचं मुख्य खाणं, आणि बदल्यात तो घर राखतो. समुद्रात काटेरी 'क्राउन ऑफ थॉर्न्स' तारामासा कोरल खायला चढला, की हा एवढासा जीव त्याला चिमटे काढून परत पाठवतो. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरिआ बेटाजवळ शास्त्रज्ञांनी काही कोरलमधून हे खेकडे मुद्दाम काढून पाहिले. फांद्यांवर गाळ साचला आणि महिन्याभरात त्यातली बरीच कोरलं मेली. खेकडे होते ती कोरलं जगली. दिसला खेकडा की मार, ही सवय आपण सोडायलाच हवी.

मारायचा नाही, पण काढायचा कोणता? लाइव्ह रॉकमधून (समुद्री जीव चिकटलेल्या दगडातून) चोरून येणारा केसाळ गोरिला खेकडा. जाडजूड नांग्या आणि बहुतेकदा काळी टोकं. रात्री लाल टॉर्च लावून बघा, दगडाच्या भोकातून अर्धा बाहेर येतो. त्याला पकडायला काचेचा उभा ग्लास घ्या, आत कोळंबीचा तुकडा टाका आणि ग्लास दगडाला तिरका टेकवून ठेवा. वासाने तो आत उतरतो, पण गुळगुळीत काचेवरून वर चढता येत नाही. सकाळी ग्लास उचला आणि खेकडा संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) सोडा. गोदावरीत नेऊन सोडू नका, समुद्राचा जीव गोड्या पाण्यात तडफडून मरतो. आणि तो कुणी खाऊही नये. याच कुळातल्या काही जातींमध्ये शिजवूनही न जाणारं विष असतं. नेमकी जात ओळखता येत नसेल, तर नांग्यांचा समोरून फोटो काढून मला पाठवा.

तसंच, पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या ओढ्यांत मुलं खेकडे पकडतात, त्यातला एखादा टँकमध्ये टाकायचा मोह होतो. तो गोड्या पाण्यातला आहे, रीफच्या खाऱ्या पाण्यात त्याचे हालच होतील.

आपल्याकडे पार्सल बहुतेक मुंबईहून येतं. कसारा घाट चढून, उन्हात तापलेली पिशवी थेट टँकमध्ये रिकामी करू नका. आधी ती तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग बारीक नळीने थेंब थेंब टँकचं पाणी मिसळत किमान तासभर द्या. खारटपणा एकदम बदलला तर खेकडा टिकत नाही. आणि तांब्यापासून सांभाळा! माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची बरीच औषधं तांब्याची असतात. ती माशाला बरं करतात, खेकड्याला मात्र मारतात. घरातल्या तांब्याच्या हंड्यातलं पाणीही टॉप-अपला (वाफ होऊन कमी झालेलं पाणी भरायला) वापरू नका, आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढलेलंच घ्या.

शेवटचं एक. सकाळी खेकडा उताणा, न हलता पडलेला दिसला तर लगेच हळहळू नका. उचलून बघा. हलकं, पोकळ असेल तर त्याने कात टाकली आहे, आणि तो मऊ अंगाने दगडामागे लपलाय. दोन-चार दिवस त्याला शोधायला दगड हलवू नका. ते रिकामं कवचही तिथेच राहू द्या, बरेच खेकडे तेच खाऊन त्यातलं कॅल्शियम परत मिळवतात.