घरच्या गच्चीवर ४० मीटर बँडचा अँटेना, ३० बाय ५० च्या प्लॉटवर काय बसतं?

नमस्कार मंडळी! हॅम रेडिओचं लायसन्स हातात आलं, कॉलसाइन मिळाला, सेकंड हँड का होईना रेडिओपण आला, आणि मग सगळे एकाच ठिकाणी अडकतात, भाऊ ४० मीटर बँडला, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, अँटेना कोणता लावू? माझं उत्तर सरळ आहे, स्वतःची गच्ची असेल तर इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मधून उंच आणि दोन्ही बाजू खाली उतरलेली तार. आता काऊन ते सांगतो.

हाफ वेव्ह डायपोल म्हणजे अर्ध्या वेव्हलेंग्थची, मधोमध केबल जोडलेली तार. ७.१ मेगाहर्ट्झला ती १४३ भागिले ७.१, म्हणजे २० मीटर तार, ६६ फूट, एका बाजूला ३३. आणि आपल्या नागपुरात मानेवाडा म्हणा की त्रिमूर्तीनगर, भरपूर प्लॉट ३० बाय ५० चे. कर्ण काढला तरी ५८ फूट येतो, सरळ डायपोल बसतच नाही. ८० मीटरला तर १३० फूट लागतात, तो सुरुवातीला सोडूनच द्या.

मग असं करा. गच्ची समजा २५ बाय ४० ची आहे. मधोमध २० फुटी जीआय पाइप उभा करायचा, इतवारीत लोहाओळीत मिळून जाईल, त्याला तीन बाजूंनी दोरीचे ताण द्यायचे आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत ८ फूट वर येतील असे बांबू बांधायचे. पाइपच्या टोकापासून बांबूपर्यंत जाते साधारण साडेसव्वीस फूट तार, उरतात साडेसहा फूट, ते कापू नका राजेहो, बांबूपासून वळवून कठड्याला समांतर, डोक्याच्या वरून दोरीने ताणून ठेवा. करंट जास्त असतो तो मधल्या भागात, सिग्नल मुख्य तिथूनच निघतो, टोकं वळली तरी फार बिघडत नाही. पण टोकांना व्होल्टेज जबरदस्त असतं, ट्रान्समिट चालू असताना हात लागला तर चटका बसेल, म्हणून पोरांच्या हाताबाहेरच पाहिजे.

आता लोक म्हणतात एवढ्या कमी उंचीवर काय होणार. ४० मीटरच्या वेव्हलेंग्थला घर धरून जमिनीपासून आपली साधारण १२ मीटर उंची कमीच आहे, त्यामुळे बराचसा सिग्नल उंच कोनात वर जातो, आयनोस्फिअरवर आपटून जवळच खाली येतो. मला तर हे आवडतं! दिवसा अमरावती, जबलपूर, भोपाळ, हैदराबाद, ही सगळी मंडळी अशाच सिग्नलवर मिळतात, आणि पूर-वादळात मोबाइल बंद पडला तर उपयोगाला येतो तो हाच पल्ला. रात्री जवळचे स्टेशन गायब होऊन लांबचे ऐकू यायला लागले तर अँटेना बिघडला समजू नका, आयनोस्फिअर पातळ झालेला असतो.

फ्लॅटवाल्यांसाठी एंड फेड, म्हणजे मधून नाही तर एका टोकाला केबल जोडायची. २० मीटरची एकच तार, एका टोकाला ४९ ला १ चा ट्रान्सफॉर्मर, टाकीपासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, आणि तीच तार २०, १५, १० मीटरलाही चालते. व्हर्टिकलला, म्हणजे उभ्या अँटेनाला, खाली रेडियल्सच्या तारा पसराव्या लागतात आणि तो घरातला नॉइज जास्त उचलतो. मॅग्नेटिक लूप, म्हणजे लहानशा गोल कडीचा अँटेना, जागाच नसेल तर, थोडी फ्रिक्वेन्सी बदलली की परत ट्यून करा, शिवाय कपॅसिटरवर हजारो व्होल्ट.

आणि नॉइजचं मी कळकळीने सांगतो, कारण लो बँडला अर्धी लढाई तीच आहे. रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावा, मेन स्विच बंद करा, एस मीटर, म्हणजे रेडिओवरचा सिग्नलचा काटा, बघा. मग एक एक एमसीबी चालू करत जा. एलईडी बल्ब, मोबाइलचे स्वस्त चार्जर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सोलरचा इन्व्हर्टर, कोण किती ओरडतं ते लगेच कळतं. सोबत फीड पॉइंटला, म्हणजे तारेला केबल जोडतो तिथे, फेराइट रिंगवर कोॲक्स केबलचे दहा-बारा वेढे घालून चोक बनवा, नाहीतर केबलची बाहेरची जाळीच अँटेना बनून घरातला सगळा कचरा रेडिओत आणते.

इन्व्हर्टेड व्ही ट्यून करताना प्रत्येक बाजू ३४ फुटांची ठेवून सुरू करा. नॅनो व्हीएनए या अँटेना मोजायच्या छोट्या यंत्रावर सर्वात कमी एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळला ते सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) ६.९ मेगाहर्ट्झला दिसला तर तार लांब आहे. दोन्ही बाजू १० सेंटीमीटर कमी केल्या की साधारण ७० किलोहर्ट्झ वर सरकतो, आणि कापण्याआधी नुसतं दुमडून बघा.

दोरी जाड घ्या, आपल्या मे महिन्याच्या उन्हात बारीक नायलॉन सडतं. संक्रांतीच्या आधी अँटेना खाली उतरवून ठेवा, मांजा अडकला की पोरं कठड्यावर चढतात, ते नको. विजेच्या तारांच्या वरून-खालून तार अजिबात नेऊ नका, जवळसुद्धा नाही. ढग गडगडायच्या आधीच कोॲक्स रेडिओपासून काढा आणि खिडकीबाहेर टाका.

गच्चीचं माप आणि टाकी कुठे आहे ते कमेंटमध्ये लिहा, तार कुठून कशी न्यायची ते मी सांगतो.