आर्किमिडीजची पोथी कुणी बिघडवली?

श्रोतेहो, आर्किमिडीजच्या पोथीची कथा सांगताना खलनायक कोण हे बहुधा आधीच ठरलेले असते. एका धर्मगुरूने थोर गणितज्ञाचे ग्रंथ खरवडून काढले आणि त्यांवर प्रार्थना लिहिल्या, असे आपण ऐकतो आणि हळहळतो. पोथीची आजची अवस्था पाहिली, तर हा दोषारोप मला बराचसा अन्यायाचा वाटतो.

मूळ पोथी दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, चर्मपत्रावर नकलून घेतलेली. योआनिस मिरोनास या धर्मगुरूने १२२९ च्या एप्रिलमध्ये त्याच चर्मपत्रावर प्रार्थनाग्रंथ लिहून पूर्ण केला. चर्मपत्र म्हणजे कमावलेले कातडे. ते महाग, आणि एका ग्रंथासाठी कितीतरी जनावरांचे कातडे लागे. त्यामुळे वापरात नसलेल्या पोथ्या धुऊन, खरवडून पुन्हा लिहिण्याजोग्या करणे ही तेव्हाची सर्रास रीत होती. मिरोनासने एकट्या आर्किमिडीजलाच वेठीस धरले असेही नाही. अथेन्सचा वक्ता हायपेरिडीज याची भाषणे आणि ॲरिस्टॉटलच्या एका ग्रंथावरील भाष्य, यांचीही पाने त्याच प्रार्थनाग्रंथात गेली.

त्याने काय केले ते नीट पाहण्यासारखे आहे. जुन्या पोथीची शिवण उसवली, जोडपाने मधोमध कापून सुटी केली, प्रत्येक पान आडवे फिरवून दुमडले आणि एका पानाची दोन पाने केली. म्हणून प्रार्थनेच्या ओळी सरळ वाचताना आर्किमिडीजच्या ओळी त्यांना काटकोनात जातात, आणि जुन्या पानाच्या मधल्या काही ओळी नव्या ग्रंथाच्या शिवणीत दडून बसतात. तरीही खरवडलेली शाई पुरती गेली नव्हती. पुढे कित्येक शतके प्रार्थनाग्रंथ म्हणून मठात ती पाने जपली गेली. प्रार्थना नसत्या तर ती कुणी कशाला सांभाळली असती?

एकोणिसाव्या शतकात पोथी पुन्हा कॉन्स्टँटिनोपलमध्ये होती. जर्मन विद्वान टिशेनडॉर्फ यांनी १८४० च्या दशकात ती पाहिली, गणिताचा काही मजकूर आहे एवढे नोंदवले आणि तिचे एक पान आपल्याबरोबर नेले. ते आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. पुढे १९०६ मध्ये डॅनिश पंडित हायबर्ग यांनी पोथी तपासली, तेव्हा त्यांच्या हाती होते भिंग आणि भरपूर चिकाटी. तेवढ्यावर त्यांनी आर्किमिडीजचा ‘पद्धती’ हा ग्रंथ वाचून काढला. एराटोस्थेनीस या ग्रीक विद्वानाला उद्देशून लिहिलेल्या या ग्रंथात, आकृत्या मनातल्या मनात तराजूच्या दांडीवर तोलून आपण निष्कर्षापर्यंत कसे पोहोचतो, हे आर्किमिडीज स्वतः सांगतो. या ग्रंथाची दुसरी कोणतीही प्रत ज्ञात नाही.

म्हणजे मिरोनासनंतर जवळजवळ सातशे वर्षांनीही पोथी नुसत्या डोळ्यांनी बऱ्याच अंशी वाचता येत होती. खरी वाताहत झाली ती त्यानंतर. पहिल्या महायुद्धानंतरच्या धामधुमीत ती नाहीशी झाली आणि २९ ऑक्टोबर १९९८ रोजी न्यूयॉर्कमध्ये वीस लाख डॉलरला लिलावात विकली गेली, तेव्हा तिला बुरशीने पोखरलेले होते. चार पानांवर सोनेरी पार्श्वभूमीची, येशूचरित्रकारांची मध्ययुगीन वाटावीत अशी चित्रे काढलेली होती. हायबर्ग यांच्या वेळी ती नव्हती, आणि त्यांतला एक हिरवा रंग १९३८ च्या आधी बाजारात मिळतच नव्हता. पोथीची किंमत वाढावी म्हणून कुणीतरी हा बनाव केला असावा, असे अभ्यासक मानतात. मिरोनासने निदान ग्रंथ तरी लिहिला!

बाल्टिमोरच्या वॉल्टर्स कलासंग्रहालयात जुन्या ग्रंथांच्या संवर्धनतज्ज्ञ ॲबिगेल क्वांट यांनी पोथी उसवायला घेतली, तेव्हा तिच्या शिवणीकडच्या पाठीवर दोन प्रकारचा गोंद सापडला. जनावरांच्या कातड्यापासून केलेला जुना सरस सुटत होता. पण विसाव्या शतकात फासलेला, सुतारकामात वापरतात तसला कृत्रिम गोंद चर्मपत्रापेक्षाही चिवट निघाला. शिवणीत दडलेल्या त्याच ओळी हव्या होत्या, आणि तिथेच हा गोंद. पाने सुटी करायला जवळजवळ चार वर्षे लागली.

बनावट चित्रांखालचा मजकूर वाचायला मात्र जुनी शाईच उपयोगी पडली. ती माजूफळ आणि हिराकस यांची, म्हणजे लोहयुक्त. स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत पानावर क्ष-किरणांचा अतिशय बारीक झोत सोडला, की शाईतले लोह आपले ठरावीक किरण परत फेकते, आणि त्यांच्या नोंदीतून सोन्याआडची अक्षरे उमटतात. मिरोनासचे नाव आणि तारीखही पहिल्या पानावरून अशीच वाचली गेली. २००८ मध्ये ही सारी छायाचित्रे सर्वांसाठी खुली झाली. हायबर्ग यांनी पाहिलेली तीन पाने मात्र पोथीत उरलेली नाहीत. त्यांच्यासाठी अभ्यासकांना हायबर्ग यांच्याच कामाचा आधार घ्यावा लागतो.