मैत्रीण लायसन्स मागत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

अनोळखी माणसाला पहिल्यांदा भेटायला निघालेली बाई काय करते? मैत्रिणीच्या कानावर घालून जाते. 'ह्याला कुणी ओळखतं का गं?' असंही विचारून पाहते. अमेरिकेत २०२३ साली आलेलं 'टी' नावाचं अ‍ॅप नेमक्या ह्याच प्रश्नावर उभं होतं. टी म्हणजे चहा, पण तिकडच्या बोलीत आतली बातमी. डेटिंग अ‍ॅपवर भेटलेल्या पुरुषाचा फोटो तिथे टाकायचा, आणि इतर बायकांना त्याचा अनुभव असेल तर त्यांनी तो सांगायचा. जुलै २०२५ मध्ये हे अ‍ॅप अमेरिकेत अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरवरच्या मोफत अ‍ॅपच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं.

आत शिरण्यासाठी आपण बाई आहोत हे दाखवावं लागे. त्यासाठी सेल्फी द्यायचा; सुरुवातीच्या काळात ओळखपत्राचा, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स वगैरेचा, फोटोसुद्धा. पडताळणी झाली की फोटो लगेच पुसून टाकू, असं धोरणात लिहिलेलं होतं. ते पुसले गेले नाहीत. त्याच जुलैच्या अखेरीस सुमारे ७२ हजार फोटो बाहेर पडले. त्यांत १३ हजार सेल्फी आणि ओळखपत्रं होती.

ह्याला हॅकिंग म्हणायला माझी जीभ जरा अडखळते. कुलूप फोडावं लागलंच नाही, कारण ज्या साठवणीत हे फोटो होते ती उघडीच होती. कुंपणाने शेत खाल्लं असंही म्हणवत नाही, कुंपण होतं कुठे? फोटो पसरले ते फोरचॅन नावाच्या निनावी गप्पांच्या संकेतस्थळावर, म्हणजे ह्या बायकांची टर उडवायला टपलेल्यांच्याच हाती. काही दिवसांत दुसरी गळती उघड झाली. ११ लाखांहून अधिक खाजगी निरोप वाचता येत होते. कुणी गर्भपाताबद्दल लिहिलं होतं, कुणी जोडीदाराच्या फसवणुकीबद्दल, कुणी आपला फोन नंबर दिला होता.

कंपनीचं म्हणणं असं, की सायबर छळाच्या तपासात पोलिसांना लागेल म्हणून जुनी माहिती जपली होती. असेल. पण जपायची होती, तर ती उघड्यावर का ठेवली?

पासवर्ड फुटला तर दोन मिनिटांत बदलता येतो. चेहरा आणि जन्मतारीख कशी बदलणार? लायसन्सवर तर घरचा पत्ताही असतो. शिवाय फोटो कुठे काढला ह्याची नोंद कधीकधी फोटोच्या फायलीतच दडलेली असते. जिला एखाद्या माणसापासून लपायचं आहे, तिच्यासाठी एवढं पुरेसं असतं.

आणि ज्याचा फोटो त्याच्या नकळत तिथे लागला, त्या पुरुषाचं काय? आरोप खरा असो वा खोटा, त्याला पत्ताच नसतो. ह्यावर उट्टं काढायला पुरुषांसाठी तसंच एक अ‍ॅप आलं, आणि त्याच्याकडची लायसन्सही उघडी पडली! ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅपलने दोन्ही अ‍ॅप आपल्या स्टोअरवरून काढून टाकली.

म्हणून अशा अ‍ॅपने ओळखपत्र मागितलं, तर मी देणार नाही. आधी दिलं असेल तर नुसतं अ‍ॅप काढून भागत नाही. खातं बंद करून माहिती पुसायला लेखी सांगावं लागतं. भेट गर्दीच्या ठिकाणी ठरवावी आणि मैत्रिणीला सांगून निघावं. तिला भेटीची जागा आणि परतायची वेळ कळली की पुरतं. लायसन्स ती मागत नाही.

नमस्कार.