रजिस्टराबाहेरचे पेशंट

(दृश्य: उपकेंद्रातलं टेबल, उघडं रजिस्टर)

अनुक्रमांक, नाव, पाडा, वय, तक्रार, दिलेलं औषध. सिस्टर एक ओळ भरतात आणि पुढच्याला हाक मारतात. नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या डोंगरात असलेल्या या उपकेंद्रात आज खोकल्याचे पेशंट जास्त आहेत.

महिना संपला की सिस्टर पानं उलटत बेरजा मांडतात. नवीन केस किती, जुन्या किती. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवलेल्या गरोदर बाया किती. लोहाच्या 180 गोळ्या किती जणींना मिळाल्या. इथली बेरीज प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते, तिथून तालुक्याला, जिल्ह्याला, मुंबईला आणि दिल्लीला. केंद्राचं एचएमआयएस (आरोग्याची माहिती गोळा करणारी यंत्रणा) पोर्टल 2008 पासून हे आकडे गोळा करतं आहे. त्यात मोजल्या जातात त्या भेटी. एकच आजी महिन्यात तीनदा आली, तर ओपीडीत तीन धरल्या जातात.

(दृश्य: पायवाट, पुढे आशाताई)

भेटी कळल्या तरी त्या किती माणसांमागे, हे कळायला हवं. आदिवासी आणि डोंगराळ भागात 3000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, सपाटीवर 5000 मागे एक, असा निकष आहे. पण दिवाळी झाली की इथली अनेक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. लोकसंख्या कागदावर तेवढीच राहते आणि घरांना कुलूप लागतं.

(दृश्य: हातातलं कार्ड, जवळून)

म्हणून परतलेल्या घरात आशाताई आधी कार्ड मागतात. माता-बाल संरक्षण कार्ड. पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी निघते, पिशवीतून चार घड्या घातलेलं कार्ड. घडीवर अक्षरं पुसट झाली आहेत. लसीचा एक डोस तिकडे, कारखान्याजवळच्या तळावर मिळालेला, तारीख वेगळ्याच शाईत. इथल्या वहीत तो रकाना कोरा होता. आता आशाताई तो भरतात.

राष्ट्रीय नमुना पाहणी उलट्या बाजूनं येते. ती दवाखान्यात बसत नाही, घरी जाऊन विचारते: गेल्या 15 दिवसांत कोण आजारी पडलं, उपचार कुठे घेतले? 2017-18 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या साधारण तीन आजारपणांपैकी एकावरच सरकारी दवाखान्यात उपचार झाले होते. हे झालं देशाचं. या पाड्यातून कोण कुठे गेलं, ते त्यातून सापडत नाही.

आणि उपकेंद्र बंद बघून माघारी फिरलेली बाई? रजिस्टरात तिच्यासाठी ओळ नाही.

(दृश्य: झाडाखालची बैठक, रंगीत तक्ता)

तिची नोंद इथे होते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या 'साथी' संस्थेनं राज्यभरातल्या समन्वयाचं काम पाहिलं. गावातलीच माणसं प्रश्नावली घेऊन बसतात. सिस्टर पाड्यावर येतात का? दवाखान्यात पैसे मागितले का? औषध बाहेरून आणायला चिठ्ठी दिली का? प्रत्येक उत्तरावर आधी वाद होतो. एक म्हणते येतात, दुसरी म्हणते रस्त्याजवळच्या पाड्यावर येतात, वर चढत नाहीत. हा 'वर'चा फरक कुठल्या मासिक अहवालात दिसणार? मग रंग ठरतो. चांगलं ते हिरवं, बरं ते पिवळं, वाईट ते लाल. वाचता न येणाऱ्यालाही तक्ता लांबून कळतो.

तक्ता भिंतीवर लावून भागत नाही, तो दवाखान्यात न्यावा लागतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे मांडावा लागतो. साठ्याच्या वहीत औषध शिल्लक दिसतं, मग पेशंटला चिठ्ठी का, हे तिथेच विचारलं जातं.

(दृश्य: जनसुनवाई, मंडप, माईक)

सुटलं नाही ते जनसुनवाईत. समोर अधिकारी, माईकवर पाड्यातली बाई.

बाहेरच्या चिठ्ठ्या अनेक ठिकाणी कमी झाल्या, काही जणांना घेतलेले पैसे परत मिळाले. डॉक्टरांच्या रिक्त जागांचा विषय मात्र तालुक्यात सुटत नाही, तो राज्याकडे पाठवला जातो.