मुलाला पहिल्यांदा थीम पार्कला कोणत्या वयात न्यावं? सातारा-सांगलीच्या पालकांसाठी

नमस्कार मंडळी. सुट्टी जवळ आली की साताऱ्यात काय अन् सांगलीत काय, घरोघरी विषय निघतोच, "औंदा पोरांना इमॅजिकाला नेऊया." पाठोपाठ आजीचा प्रश्न येतो, "अगं, धाकटा अजून साडेतीन वर्षांचा आहे, त्याला झेपेल का?"

आजीचा प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर आधी सांगतो, कारणं मग बघू. आपल्या भागातून जायचं असेल तर पहिल्या फेरीला सहा ते सात वर्षांचं वय सगळ्यात चांगलं. उंची किमान ११० सेंटिमीटर हवी, ११५ च्या पुढे असेल तर फारच उत्तम. पुण्या-मुंबईचे लोक पाच वर्षांच्या मुलाला नेतात, त्यांचंही चुकत नाही. ते दीड-दोन तासांत पोचतात. खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका पार्क साताऱ्याहून जवळपास १९० किलोमीटर आहे आणि सांगलीहून तीनशेच्या वर. म्हणजे साताऱ्याहून चार तास, सांगलीहून सहा. त्यात सांगलीकरांना सातारा-कागल महामार्गाच्या सहापदरीकरणाचे वळणरस्ते लागले की आणखी वेळ जातो. एवढ्या प्रवासानंतर पाच वर्षांचं मूल गेटवर पोचतं तेच निम्मं दमलेलं.

आता उंचीचं बोलू, कारण गेटवर तुमच्या मुलाचा जन्मदाखला कुणी फारसा बघत नाही. तिकिटापासून राइडपर्यंत सगळं बहुतेक ठिकाणी उंचीवर चालतं. वंडरलासारख्या पार्कमध्ये ८५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल फुकट आत जातं. आत गेल्यावर प्रत्येक राइडपाशी एक पट्टी रंगवलेली असते. छोट्यांच्या राइडना साधारण ९० सेंटिमीटर, मध्यम राइडना १०५ ते १२०, आणि मोठ्या रोलर कोस्टरना १२० ते १४०.

[पडद्यावर: वयानुसार सरासरी उंचीचा तक्ता]

हा तक्ता बघा. तीन वर्षांचं मूल सरासरी ९५ सेंटिमीटर असतं. पाचव्या वर्षी ते १०८ ते ११० होतं, सातव्या वर्षी १२० च्या आसपास, आणि १४० गाठायला बहुतेकांना साडेदहा-अकरा वर्षं लागतात. ही सरासरी आहे. तुमचं मूल चार-पाच सेंटिमीटर इकडेतिकडे असेल तर काळजीचं कारण नाही, पण राइडच्या हिशेबात त्या चार सेंटिमीटरनी सगळा फरक पडतो.

ही अट का असते, हे नीट समजून घ्या. त्याशिवाय "एकदा बसू द्या की साहेब" ही विनवणी थांबणार नाही. बऱ्याच राइडमध्ये एकच आडवा दांडा दोघांच्या मांडीवर येतो. शेजारी बाबा बसलेले असले तर तो दांडा बाबांच्या पोटाला टेकतो आणि तिथेच अडतो. मुलाच्या मांडीवर वीतभर फट राहते. गाडी उसळली की मूल त्या फटीतून वर सरकतं किंवा पुढे घसरतं. खांद्यावरून येणाऱ्या कुलपाचीही अशीच गोष्ट आहे. मूल बुटकं असलं तर ते खांद्यावर न बसता गालाला, कानाला आपटतं. शिवाय लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मानेचे स्नायू कच्चे. झटका आला की मान सावरता येत नाही. म्हणून सांगतो, बुटात कागद कोंबून किंवा जाड टाचेच्या चपला घालून मुलाला पट्टीपर्यंत पोचवू नका. ऑपरेटर फसेल, दांडा फसणार नाही.

उंची घरीच मोजा. अनवाणी, टाच, पाठ आणि डोकं भिंतीला टेकवून, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात धरा, खाली पेन्सिलने खूण करा आणि टेपने मोजा. शिंप्याचा कापडी टेप जुना असला तर ताणलेला असतो, लोखंडी टेप घ्या. आणि संध्याकाळी मोजा. दिवसभर उभं राहिल्यावर उंची सेंटिमीटरच्या आसपास कमी भरते, आणि राइडच्या रांगेत तुम्ही दुपारीच असणार आहात. मूल अंगणवाडीत जात असेल तर सेविकाताईंना विचारा, त्यांच्याकडे उंची-वजनाची नोंद असते.

मोजून झालं की पार्कच्या वेबसाइटवरची राइडची यादी उघडा आणि मुलाला शेजारी बसवून दाखवा, "ह्या तुझ्या, ह्या अजून तुझ्या नाहीत." रांगेत पाऊण तास उभं राहून अगदी दाराशी नाही म्हटलं गेलं, तर जो आकांत होतो तो दिवसभर पुरतो. घरी कळलेला नकार मुलं बरोबर पचवतात.

उंची जमली तरी मन तयार आहे का, हे वेगळं पाहावं लागतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला सोंग आणि खरं यातली रेघ अजून नीट दिसत नाही. मोठ्या डोक्याचा बाहुला हात पुढे करून आला की मोठ्यांना ते लाडिक वाटतं, त्या मुलाला मात्र खरंच काहीतरी अंगावर आल्यासारखं वाटतं. अंधाऱ्या बोगद्यातल्या राइड, भुताची घरं, अचानक येणारा आवाज, धूर, चमकणारे दिवे, हे सगळं त्याच्यासाठी खरं असतं. सहाव्या वर्षाच्या आसपास "हे खोटंय, आत माणूस आहे" हे मूल स्वतः सांगायला लागतं. तेव्हा भीतीत मजा यायला लागते. इमॅजिकात सलीमगढसारखी भुताटकीची राइड आहे, राजासॉरसची डायनासोरवाली नाव आहे. पहिल्या फेरीत अंधाराच्या राइड शेवटी ठेवा आणि मुलाने नको म्हटलं तर खरंच नको. "घाबरतोस काय, वाघ ना तू?" असं म्हणून बसवलेलं मूल पुढची दोन-तीन वर्षं कुठल्याच राइडच्या जवळ जात नाही.

मग आपल्या मुलाची तयारी कशी ओळखायची? त्यासाठी खोपोलीला जायची गरज नाही, आपल्याकडे जत्रा आहेत. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, कराडजवळच्या पालीच्या खंडोबाची, औंधची, म्हसवडची. सांगलीकडे खरसुंडीची, मिरजेचा उरूस, तासगावचा रथोत्सव. मुलाला तिथे दोन-तीन तास न्या आणि फक्त बघा. गर्दीत हात धरून चालतं का? कर्ण्याच्या आवाजाने कान झाकून रडतं का, की पाच मिनिटांत रुळतं? रांगेत वीस मिनिटं थांबतं का? शू लागली तर आधी सांगतं का? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण पार्कात स्वच्छतागृह दहा मिनिटांच्या चालीवर असू शकतं.

एक सूचना मात्र. जत्रेतला पाळणा हा गर्दीची चाचणी घ्यायला आहे, धाडसाची नाही. तिथे उंचीची पट्टी क्वचितच असते. लहान मुलाला मिनी ट्रेन किंवा जमिनीलगतचा गोल पाळणा पुरे. आकाशपाळण्याच्या बैठकीला बंद होणारं दार नसेल, कडी दोरीने बांधलेली असेल, तर मोठ्यांनीही बसू नये.

चालण्याचीही चाचणी घ्या. थीम पार्कच्या दिवसात मूल सहज पाच-सहा किलोमीटर चालतं, आणि तेही तापलेल्या फरशीवर. साताऱ्याचे असाल तर अजिंक्यताऱ्यावर पायथ्यापासून चढून उतरा. सांगली-मिरजेचे असाल तर दंडोबाला जा. "उचलून घे" कितव्या मिनिटाला येतं ते लक्षात ठेवा. शेवटपर्यंत आलंच नाही तर मूल तयार आहे.

प्रवासाकडे येऊ, कारण आपल्याकडच्या बहुतेक सहली रस्त्यातच बिघडतात. पहाटे तीनला उठवून निघायचं आणि रात्री बाराला घरी, हा बेत दहा वर्षांखालच्या मुलासाठी करू नका. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला १० ते १३ तास झोप लागते, सहाच्या पुढे ९ ते १२. झोपमोड झालेलं मूल दुपारी दोनला कोसळतं आणि आपण म्हणतो "एवढे पैसे घातले तरी रडतंय." आदल्या दुपारी निघा, लोणावळा किंवा खोपोलीत मुक्काम करा. ऑक्टोबर ते मार्च गळीत हंगाम असतो. वाळवा, पलूस, कराडच्या आतल्या रस्त्यांवर अंधारात उसाच्या ट्रॉल्या असतात, कित्येकींना मागे रिफ्लेक्टर नसतो. महामार्गाला लागेपर्यंतचा रस्ता तरी उजेडात पार करा.

गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखाली फारसा नसतो आणि साधारण सहा ते बारा या वयात सगळ्यात जास्त असतो. म्हणजे नेमका आपल्या वयोगटात. निघताना पोट रिकामंही नको, तुडुंबही नको. इडली, पोळीचा रोल, केळं चालेल. मिसळ, वडापाव आणि दूध नको. मोबाइल बंद, नजर समोरच्या रस्त्यावर. पण त्यासाठी मुलाला पुढच्या सीटवर घेऊ नका. मागे, पट्टा लावून. उलटीचं औषध द्यायचं असेल तर डोस वजनावर ठरतो, आधी डॉक्टरांना विचारा. काही औषधांनी झोप येते, हेही लक्षात ठेवा. ज्याला बोरघाटाच्या उतारावरच मळमळतं, त्याला गोल फिरणाऱ्या राइडमध्ये हमखास उलटी होणार. त्याच्यासाठी सरळ जाणाऱ्या आणि नावेच्या राइड निवडा.

दिवस कुठला? मे महिन्यात ऊनही असतं आणि गर्दीही. जुलै-ऑगस्टमध्ये खोपोलीचा पाऊस असा की विजा कडाडल्या तर उघड्यावरच्या राइड थांबवतात. डिसेंबरात शाळांच्या सहलींच्या बसची रांग लागते. संक्रांत झाल्यावर, परीक्षांच्या आधी, मंगळवार-बुधवार गाठा. शाळेचे दोन दिवस बुडतील, आमच्या मते पहिली-दुसरीत ते चालतं.

आत गेल्यावर पहिल्या फेरीत पाच-सहा राइड आणि एखादा शो, बस. सगळे फाटकाजवळच्या राइडला झुंबड करतात, तुम्ही थेट आत चालत जा आणि परत येत या. जेवण बाराच्या आत उरका. त्यानंतर तासभर फक्त शो किंवा सावलीतलं काही, कारण भरल्या पोटी गरागरा फिरलं की काय होतं ते सांगायला नको. दर अर्ध्या तासाला शंभर-दीडशे मिलिलिटर पाणी, तहान लागो न लागो. लघवी गडद पिवळी दिसली तर ओआरएस द्या आणि सावलीत बसवा. बाहेरचं खाणं बहुधा आत नेऊ देत नाहीत, पण लहान बाळाचं खाणं आणि औषधं चालतात का ते आधी फोन करून विचारा.

मूल हरवण्याची तयारीही घरूनच करायची. सकाळी निघताना त्याच दिवसाच्या कपड्यांत एक फोटो काढा. मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने तुमचा मोबाइल नंबर लिहा. आणि मुलाला शिकवा की चुकलास तर तिथेच थांब आणि गणवेशातल्या माणसाला सांग, आम्हाला शोधत फिरू नकोस.

वॉटर पार्कचा हिशेब वेगळा आहे, बहुतेक लोक तो थीम पार्कमध्येच धरतात. पहिल्या फेरीत दोन्ही एकाच दिवशी नको. गुडघाभर पाण्याच्या भागात चार वर्षांचं मूल खेळू शकतं, पण मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, बाकावर नाही. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही, गप्पकन खाली जातं. लाटांच्या तलावात सात-आठ वर्षांखालच्या मुलाने कडेलाच राहावं. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत, नायलॉनचे घरून आणा, नाहीतर तिथे भाड्याने घ्यावे लागतात. ओठ निळसर दिसले, दात वाजायला लागले की मूल कितीही नाही म्हणालं तरी बाहेर काढा आणि कोरडं करा.

काही मुलांच्या बाबतीत वयाआधी डॉक्टर. फिट येण्याचा त्रास असेल तर चमकणारे दिवे टाळावे लागतात. हृदयाचा दोष, अलीकडचं ऑपरेशन किंवा हाड मोडलेलं असेल, तर झटक्याच्या राइड नाहीत. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, त्यामुळे आधी तपासणी. दमा असेल तर पंप बॅगेत नको, खिशात हवा. आवाज सहन न होणाऱ्या मुलासाठी कान झाकणारे हेडफोन न्या आणि गर्दीच्या आधीची सकाळची वेळ वापरा.

राहिला आजीचा साडेतीन वर्षांचा धाकटा. थोरला आठ वर्षांचा असेल तर त्याला आणखी अडीच वर्षं थांबवणंही बरोबर नाही. जोडीने ठरवा: एकाने थोरल्याला घेऊन राइडला जायचं, दुसऱ्याने धाकट्याबरोबर, मग अदलाबदल. काही पार्कांत अशा अदलाबदलीला पुन्हा रांग लावावी लागत नाही, राइडच्या दारावर विचारा. धाकट्याची दुपारची झोप ढकलगाडीत होऊ द्या. आणि सगळ्यात सोपं म्हणजे आजी-आजोबा तयार असतील तर धाकट्याला त्यांच्याकडेच ठेवा. त्याला त्या दिवसाची आठवण राहणार नाही, कारण तीन-साडेतीनच्या आधीचं फारसं कुणालाच आठवत नाही. तो सहा वर्षांचा झाला की त्याची स्वतःची पहिली फेरी करा.

परतताना पार्क बंद व्हायची वाट बघू नका. पाचला बाहेर पडा, गाडीत बसायच्या आधी कपडे बदला, हलकं जेवण द्या. सांगलीला जायचं असेल तर त्या रात्री पुण्यात थांबा. गाडी चालवणारा माणूसही दिवसभर उन्हात उभा होता, आणि खंबाटकीचा घाट त्याला रात्री ओलांडायचा असतो.