चिंपांझीचं आयुष्य आणि तीन वर्षांचं अनुदान

मंडळी, जेन गुडॉल यांची गोष्ट तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. जुलै १९६० मध्ये सव्वीस वर्षांची ही मुलगी चिंपांझींचा अभ्यास करायला आईला सोबत घेऊन आताच्या टांझानियात, टांगानिका सरोवराच्या काठी गोम्बेच्या जंगलात उतरली. हाती पदवी नव्हती. आदिमानवाचे अभ्यासक लुई लीकी यांनी तिच्यासाठी शब्द टाकला आणि अमेरिकेतल्या विल्की प्रतिष्ठानाने सहा महिन्यांपुरते ३,००० डॉलर दिले. या विल्की कुटुंबाचा धंदा यंत्रं-अवजारांचा. आणि पैसे संपत आले असताना तिला जे दिसलं, तेही अवजारच! एक चिंपांझी वारुळात काडी घालून वाळवी बाहेर काढत होता. डहाळीची पानं ओरबाडून ती कामाजोगी करून घेतानाही चिंपांझी दिसले. मग नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने हात दिला आणि काम मार्गी लागलं.

ही गोष्ट मला फार प्रिय आहे. पण तिच्यामुळे एक समज रुजला: थोडे पैसे द्या, काही महिने थांबा, शोध हाती येतो. अनुदानाच्या अर्जांत हीच अपेक्षा डोकावते. नवीन काय सापडेल ते सांगा. मुदत एक वर्ष, फार तर तीन.

आता चिंपांझीचं आयुष्य बघा. मादीला पहिलं पिल्लू होतं ते साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी, पुढचं आणखी पाच-सहा वर्षांनी. ओरांगउटानमध्ये हेच अंतर सात-आठ वर्षांचं. तीन वर्षांच्या अनुदानात एका आईचं एक बाळंतपणही बसेल याची खात्री नाही. केनियातल्या अँबोसेलीत बबून माकडांच्या नोंदी १९७१ पासून चालू आहेत. दुष्काळात जन्म, लवकर आई जाणं, पाठोपाठ धाकटं भावंड येणं, अशी तीन किंवा अधिक संकटं लहानपणी झेललेल्या माद्या फारशी झळ न लागलेल्या माद्यांपेक्षा सुमारे दहा वर्षं आधी मरतात, हा निष्कर्ष छापून आला २०१६ साली. पंचेचाळीस वर्षांनी! १९७१ च्या कुठल्या अर्जात हे लिहिता आलं असतं?

आणि नोंदी सुरू होण्याआधीच्या काळाचं काय? माणूस दिसताच पळणारे चिंपांझी माणसासमोर निवांत खाऊ लागेपर्यंत पाच-पाच वर्षं जातात. तोवर हाती फक्त विष्ठा, रिकामी घरटी आणि लांबून आलेल्या हाका. त्यावर प्रबंध होत नाही, म्हणून याच काळासाठी पैसे मिळणं सगळ्यात अवघड.

चिंपांझी माणसाला सरावल्यानंतरचा एक दिवस कसा असतो ते सांगते. आदल्या संध्याकाळी चिंपांझींनी फांद्या वाकवून जिथे घरटी केली, त्या झाडाखाली माग काढणारे दोघे उजाडण्याआधीच पोचलेले असतात. तोंडावर मास्क, कारण आपली साधी सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते. वरचं घरटं हलतं, लघवी खाली पडते. ती पानावरून ड्रॉपरने उचलून नळीत भरायची, नळीवर नाव आणि वेळ घालायची. मग दिवसभर त्या एकाच्याच मागे, काट्यांतून आणि चढणीवरून. ठरावीक मिनिटांनी नोंद: काय खातोय, शेजारी कोण आहे, किती अंतरावर. संध्याकाळी तो नवं घरटं करून आडवा झाला की यांची सुटका.

ही माणसं बहुधा जवळच्या गावांतली. झाडं, पायवाटा, प्रत्येक प्राण्याचा चेहरा त्यांना पाठ. विद्यार्थी वर्ष-दीड वर्ष राहून जातात; हे वर्षानुवर्षं तिथेच असतात. आणि अनुदानात खंड पडला की पहिली कुऱ्हाड यांच्याच पगारावर येते. याचा मला खरोखर संताप येतो.

मे १९७५ मध्ये सशस्त्र बंडखोरांनी गोम्बेतून चार विद्यार्थ्यांना पळवून नेलं. पुढे ते सुटले, पण परदेशी विद्यार्थ्यांना तिथून हलवावं लागलं. तरी नोंदी थांबल्या नाहीत, कारण टांझानियन सहायकांनी त्या चालू ठेवल्या. तेव्हा गोम्बेतल्या चिंपांझींच्या फुटलेल्या टोळीचे दोन गट एकमेकांच्या जिवावर उठले होते. १९७४ ते १९७८ च्या त्या संघर्षाची हकिकत आज आपल्या हाती आहे, ती मुख्यतः या सहायकांमुळे.

शिवाय रोज माणसांची ये-जा असलेल्या रानात शिकारी कचरतो. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात संशोधन केंद्राच्या आसपास शिकारीच्या खुणा कमी आणि माकडं जास्त आढळली आहेत. जगातल्या सुमारे ६० टक्के वानर-माकडांच्या जाती धोक्यात असताना ही राखण वेगळे पैसे न मोजता होते.

तेव्हा देणगीदारांना माझी विनंती आहे की एक हिस्सा फक्त या पगारांसाठी बाजूला ठेवा, आणि तो दहा वर्षांच्या बोलीवर द्या. एक अनुदान संपून दुसरं सुरू होईपर्यंतचे सहा-आठ महिने निभावतील एवढी छोटी गंगाजळी प्रत्येक केंद्राकडे असू द्या. आणि संशोधकांनो, माग काढणाऱ्यांचा पगार, विमा, पावसाळी बूट हे 'किरकोळ खर्चा'त ढकलू नका. अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत लिहा, आणि लेख छापून आला की त्यावर त्यांचीही नावं घाला.