पाइपातल्या पाण्याचा वेग

सांगली जिल्ह्यातला कृष्णाकाठ. नदीचं पाणी उचलून उसापर्यंत नेणाऱ्या पाइपलाइनी इथे रानोरान जमिनीखालून गेल्या आहेत. मोटर किती एचपीची, हे कोणीही सांगेल. पाइपात पाणी किती वेगाने धावतंय, हे मात्र क्वचितच कोणी मोजतं. आणि विजेचा खर्च तर त्या वेगावरही ठरतो.

वेग काढायला २०० लिटरचं बॅरल आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. समजा, बॅरल २५ सेकंदांत भरलं. म्हणजे सेकंदाला ८ लिटर, अर्थात ०.००८ घनमीटर.

आता पाइप. दुकानात ‘तीन इंची’ म्हणून मिळणारा पीव्हीसी पाइप बाहेरून ९० मिलिमीटरचा असतो. जाडी वजा जाता आत साधारण ८५ उरतात, आणि हिशेब आतल्याच व्यासाचा धरायचा. ०.०८५ मीटरचा वर्ग करा, ०.७८५ ने (म्हणजे ‘पाय’च्या चौथ्या भागाने) गुणा. क्षेत्रफळ आलं ०.००५७ चौरस मीटर. ०.००८ ला त्याने भागलं की वेग मिळतो: सेकंदाला १.४ मीटर. हा सरासरी वेग बरं का. पाइपाला चिकटलेलं पाणी जवळजवळ थांबलेलं असतं, मधलं सगळ्यांत जोरात पळतं. दीड मीटरच्या आसपासचा वेग पाइपलाइनीला मानवतो.

पण पैसे वाचवायला दोन इंची पाइप टाकला तर? आतला व्यास ६०, क्षेत्रफळ निम्मं. तेवढंच पाणी न्यायचं तर वेग जातो २.८ मीटरवर. घर्षण मात्र दुपटीवर थांबत नाही, ते पाचपटीहून जास्त वाढतं. तीन इंचीत १०० मीटरमागे सुमारे २ मीटर हेड (म्हणजे पाणी तेवढं उंच चढवायला लागणारा जोर) खर्ची पडतं, दोन इंचीत साडेअकरा. लाइन ५०० मीटरची असेल तर ५८ मीटर हेड नुसत्या घर्षणात जातं, नदीपासून रानापर्यंतची उंची वेगळीच. मोटरला ते झेपत नाही, पाणी कमी पडतं. मग शेतकरी कर्ज काढून मोठी मोटर बसवतो, आणि दोष असतो पाइपात! पाइपात वाचवलेले पैसे असे विजेपायी जातात.

शिवाय लाइट अचानक गेली की धावतं पाणी थबकतं आणि दाबाचा हादरा बसतो. वेग दुप्पट, तर हादराही दुप्पट. जोड निखळतात ते बहुधा अशाच वेळी.